शत्रू थांबला आहे!

शत्रूचे रणगाडे नदीच्या पैलतीरावर येऊन ठेपले आहेत. आपली डावी बगल उघडी पडली आहे, रसद तुटण्याच्या बेतात आहे आणि साऱ्या आघाडीचे भवितव्य सेनापतीच्या पुढच्या एका हुकमावर अवलंबून आहे. अशा आणीबाणीच्या क्षणी सेनापती काय करतो? तो खुर्चीवरून उठतो, गॅसवरचे दूध उतू गेले नाही ना ते पाहून येतो, दारात उभ्या असलेल्या इस्त्रीवाल्याचा हिशेब चुकता करतो, जाता जाता चकलीचा एक तुकडा तोंडात टाकतो आणि मग सावकाश येऊन पुन्हा नकाशापुढे बसतो. एवढ्या अवधीत शत्रूने काय केले म्हणाल, तर काही नाही! तो आपला जिथल्या तिथे उभा. इतका सभ्य, इतका सोशिक शत्रू मनुष्यजातीच्या इतिहासात दुसरा झाला नसेल.

हा चमत्कार घडला तो घरगुती संगणकावर, १९८० सालच्या आगेमागे. त्या वेळी जे युद्धाचे खेळ निघाले त्यांतले पुष्कळसे आळीपाळीचे होते. एक डाव तुमचा, एक डाव यंत्राचा. हल्लीच्या मुलांना युद्धाचा खेळ म्हटला की धडाधड गोळ्या सुटायला हव्यात आणि क्षणाची उसंत मिळता कामा नये. पण मला विचाराल तर त्या जुन्या खेळांत जी उसंत होती, तीच त्यांतली खरी मौज होती. आणि मौजेहून अधिकही काही होते. एरवी या सदराला मिळते एक पान. आज दिवाळीच्या निमित्ताने संपादकांनी थोडे ऐसपैस बसायला सांगितले आहे, तेव्हा त्या अधिकाविषयीही बोलू.

आळीपाळीने लढायची ही युक्ती तशी नवी नव्हे. तिचे मूळ आपल्याच घरात आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ असे सैन्याचे चार भाग पटावर मांडून खेळायचा चतुरंग इसवी सनाच्या सातव्या शतकात इतका रुळलेला होता की, बाणभट्टाला ‘हर्षचरिता’त त्यावर श्लेष करण्याचा मोह आवरला नाही. हा चतुरंग इराणमार्गे अरबांकडे आणि तिथून युरोपात गेला. तिथे बुद्धिबळ म्हणून तो नांदू लागला. १७८० साली ब्रन्सविकच्या दरबारात मुलांना शिकवणाऱ्या योहान हेल्विग नावाच्या गृहस्थाला वाटले की, चौसष्ट घरांत युद्धविद्या शिकवणे म्हणजे तांब्यात समुद्र दाखवणे. त्याने दीड हजारांहून अधिक घरांचा पट केला आणि त्यात डोंगर, दलदल, नदी असे सारे आणले.

त्यापुढचे पाऊल प्रशियात पडले. रायस्विट्झ नावाच्या एका सरदाराने १८१२ साली राजासाठी युद्धाच्या खेळाचे एक भले मोठे टेबल बनवून घेतले. त्याच्या मुलाने, जो स्वतः सैन्यात अधिकारी होता, १८२४ साली त्या खेळाला शिस्त लावली. खरे नकाशे आले, फासे आले आणि मुख्य म्हणजे दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच आला. हा पंच मोठा महत्त्वाचा. बुद्धिबळात दोघांनाही सगळा पट दिसतो. खऱ्या युद्धात टेकडीपलीकडे कोण दबा धरून बसले आहे हे कुणालाच दिसत नाही. ज्याला जेवढे दिसायला हवे तेवढेच त्याला दाखवायचे, हे काम पंचाचे. प्रशियाचा सेनाप्रमुख म्युफ्लिंग हा खेळ पाहून इतका खूश झाला की, ही तर युद्धाची शाळाच आहे असे त्याने ठरवून टाकले आणि पलटणींना त्याची शिफारस केली. म्हणजे पाहा, आपल्याकडे ‘खेळू नकोस, अभ्यास कर’ असे मुलांना सांगतात. प्रशियात खेळ हाच अभ्यासक्रमाला लागला!

पलटणीतला हा खेळ दिवाणखान्यात आणला तो अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या चार्ल्स रॉबर्ट्सने. १९५४ साली त्याने ‘टॅक्टिक्स’ हा पुठ्ठ्याचा पट आणि सोंगट्या यांचा खेळ काढला. त्यातूनच ‘ॲव्हलॉन हिल’ ही कंपनी उभी राहिली. गेटिसबर्गची लढाई, बिस्मार्क जहाजाचा पाठलाग असे एकेक पट निघू लागले. पण या खेळांची एक मोठी अडचण होती, आणि ती संसारी माणसाला लगेच समजेल. पट मांडायला मोकळे टेबल पाहिजे, खेळायला पाच-सहा तास पाहिजेत आणि समोर तितकाच चिकाटीचा दुसरा वेडा पाहिजे. तिन्ही गोष्टी एका घरात, एका रविवारी मिळणे कठीण! मग कित्येक जण एकटेच खेळत. या बाजूच्या खुर्चीत बसून हल्ला करायचा, उठून त्या बाजूला जायचे आणि आपणच आपला हल्ला परतवायचा. अशा लढाईत अर्थात शत्रूची योजना आधीच फुटलेली असते!

हे एकटेपण संगणकाने घालवले. रायस्विट्झचा पंच आणि समोरचा तो दुसरा वेडा, दोन्ही भूमिका या एकाच नटाने पत्करल्या. कॅलिफोर्नियात जोएल बिलिंग्ज नावाचा नुकताच पदवीधर झालेला, असल्याच पटांचे वेड असलेला एक तरुण होता. खेळाच्या दुकानांत चिठ्ठ्या लावून त्याने आपल्यासारखेच वेड असलेला आज्ञावलीकार शोधला, तेव्हा त्याला जॉन लायन भेटला. १९७९ साली बिलिंग्जने ‘स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स’ ही कंपनी काढली आणि १९८० च्या आरंभी ‘कॉम्प्युटर बिस्मार्क’ हा खेळ बाजारात आला. १९४१ च्या मे महिन्यात ‘हूड’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडवून बिस्मार्क अटलांटिकात निसटली आणि तीनच दिवसांनी, २७ मे रोजी, ब्रिटिशांनी तिला गाठून बुडवली. त्या पाठलागाचा हा खेळ. पडद्यावर धड चित्रही नाही. नकाशावर जहाजांच्या जागी अक्षरे. पण समुद्रातले एक घर शोधून रिकामे निघाले की छातीत धस्स होई, कारण बिस्मार्क कुठे आहे हे यंत्राला माहीत असे आणि ते मुकाट असे. या यंत्ररूपी प्रतिस्पर्ध्याचे नावही कर्त्यांनी मोठे झोकात ठेवले होते: ऑटो फॉन कॉम्प्युटर!

या साऱ्या मंडळींत माझ्या विशेष जिव्हाळ्याचे दोघे, कारण दोघेही मुळात मास्तर. त्यांतला पहिला क्रिस क्रॉफर्ड. अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजात तो पदार्थविज्ञान शिकवीत असे. पुढे तो अटारी कंपनीत गेला आणि नोकरी सांभाळून फावल्या वेळात त्याने घरी एक खेळ लिहिला. ‘ईस्टर्न फ्रंट’ हे त्याचे नाव. १९८१ साली तो प्रसिद्ध झाला आणि त्याच्या साठ हजारांहून अधिक प्रती खपल्या. हिटलरने २२ जून १९४१ रोजी सोव्हिएत रशियावर जी स्वारी केली तिचा हा खेळ. एक डाव म्हणजे एक आठवडा. तुम्ही जर्मनांचे सेनापती, रशियाची बाजू यंत्राकडे. पडद्यावर रशियाचा विस्तीर्ण नकाशा जाजमासारखा सरकतो. शरद ऋतूत चिखल होतो आणि सैन्य रुतते. हिवाळ्यात जमीन पांढरी पडते, नद्या गोठतात. हे सारे त्याने अवघ्या सोळा किलोबाइटांत बसवले. सोळा किलोबाइट म्हणजे किती? आपण वाचत आहात तो हा लेख देवनागरीत संगणकावर साठवायला त्याच्या दुप्पट जागा लागते! ज्या जागेत क्रॉफर्डने अख्खा रशिया, त्याचे ऋतू आणि दोन सेना मावल्या, तिथे माझा अर्धा लेखसुद्धा जेमतेम मावेल. मराठीच्या प्राध्यापकाने काटकसर शिकावी ती अशा ठिकाणी.

या खेळातली एक करामत मात्र मला माझ्या भाच्याकडून कळली. जुन्या यंत्रांची सोंगे नव्या संगणकावर हुबेहूब वठवता येतात; तसे एक सोंग त्याने माझ्या संगणकात बसवून दिले होते. मी आपला प्रत्येक तुकडीवर पाच-पाच मिनिटे चिंतन करीत होतो. शेवटी तो म्हणाला, “मामा, तू जितका वेळ लावतोयस ना, तितका तोही विचार करतोय.”

आणि ते अक्षरशः खरे आहे. तुम्ही हुकूम देण्यात गुंतलेले असता तेव्हा यंत्र रिकामे बसत नाही. उरलेला प्रत्येक क्षण ते आपली योजना पुनःपुन्हा घासूनपुसून घेण्यात घालवते. मग तुम्ही कळ दाबता आणि दोघांचेही हुकूम एकाच वेळी अमलात येतात. म्हणजे घाई करावी तर आपली चूक होते, आणि सावकाश जावे तर शत्रू शहाणा होतो! लेखाच्या आरंभी मी शत्रूला सभ्य म्हटले ते यासाठीच. तो थांबला होता हे खरे, पण स्वस्थ बसला नव्हता. मी दूध बघायला गेलो, तेव्हा तो मॉस्कोची तटबंदी पक्की करीत होता.

दुसरे मास्तर माइक सिंगलटन. ते इंग्लंडमध्ये शाळेत इंग्रजी शिकवीत. १९८४ साली त्यांनी स्पेक्ट्रम या लहानशा संगणकासाठी ‘लॉर्ड्स ऑफ मिडनाइट’ हा खेळ रचला. याच स्पेक्ट्रमचा परवान्याने बनवलेला अवतार ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या देशातही विकला जात होता. सिंगलटनांची कथा काल्पनिक: हिमाच्छादित मुलूख, डूमडार्क हा दुष्ट राजा आणि त्याच्याविरुद्ध उभे राहिलेले चौघे जण. एका बाजूने सैन्य जमवून लढता येते. नाही तर मॉर्किन नावाच्या एकट्या मुलाला पाठवून शत्रूचा बर्फाचा मुकुट नष्ट करता येतो. अठ्ठेचाळीस किलोबाइटांत त्यांनी या प्रदेशाची बत्तीस हजार दृश्ये साठवली. साठवली म्हणण्यापेक्षा, मागाल तेव्हा काढून दाखवण्याची सोय केली. आणि डावांची व्यवस्था कशी, तर दिवस तुमचा आणि रात्र शत्रूची. दिवसा तुम्ही आपल्या माणसांना चालवायचे. अंधार पडला की तुमचे काही चालत नाही, डूमडार्कच्या फौजा निघतात. सकाळी पाहावे तो गड गेलेला! कुरुक्षेत्रावर सूर्यास्ताला शंख वाजून युद्ध थांबे हे ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. पण त्याच युद्धाच्या अखेरीस अश्वत्थाम्याने रात्रीचा डाव खेळला, हेही आपल्याला ठाऊक आहे. आळीपाळीचा नियम मोडला की त्याला आपण युद्ध म्हणत नाही, कत्तल म्हणतो.

इथे मात्र मला जरा थबकावे लागते. काल्पनिक मुलखातल्या राजाशी लढणे वेगळे आणि १९४१ सालच्या रशियात सैन्य घुसवणे वेगळे. क्रॉफर्डच्या खेळात मी ज्या खुर्चीत बसतो ती हिटलरच्या सेनापतीची आहे. माझ्यापुढचे तांबडे चौकोन म्हणजे रशियन सैन्य. एखाद्या चौकोनाचे बळ आकड्यांनी घटत जाते आणि एका क्षणी तो पडद्यावरून नाहीसा होतो. ना आरोळी, ना रक्त, ना मागे राहिलेल्या कुणाची हकीकत. सोव्हिएत रशियाची त्या युद्धात सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मेली असे मानले जाते. एवढ्या मोठ्या दुःखाची सोंगटी करून ती चहाच्या कपाशेजारी ठेवावी काय? हा प्रश्न मला पडतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा आहे असे मला वाटत नाही.

नुसते आकडे माणसाला बधिर करतात, हे एका अर्थाने खरे. पण आकडे कशाचे, यावरही पुष्कळसे अवलंबून असते. जपानातले उदाहरण घ्या. योइची एरिकावा यांची ‘कोएइ’ ही कंपनी मुळात रंगद्रव्यांचा व्यापार करी. त्यांच्या वाढदिवसाला पत्नी केइको यांनी त्यांना एक संगणक भेट दिला. त्या भेटीचा परिणाम असा की, १९८१ साली त्यांनी युद्धाचा पहिला खेळ काढला आणि १९८३ साली ‘नोबुनागाची महत्त्वाकांक्षा’ हा खेळ, ज्याने मोठे नाव मिळवले. सोळाव्या शतकातल्या जपानी सरदारांच्या या खेळात तलवारीपेक्षा वहीखातेच अधिक. तांदूळ किती पिकला, कर किती बसवला, नदीला बांध घातला की नाही, रयत खूश आहे की नाही, या साऱ्याची नोंद ठेवावी लागते. कर फार वाढवला तर शेतकरी उठाव करतात आणि स्वारीवर निघालेला सरदार घरच्या घरीच गारद होतो. महिनाअखेरीला ज्यांनी घर चालवले आहे त्यांना हे राजकारण समजावून सांगायला नको. इथले आकडे माणूस झाकत नाहीत. सैन्यही जेवते आणि ते कुणाच्या तरी ताटातले जेवते, हे हे आकडे सांगतात.

युद्धाच्या खेळाला असे पहिल्यापासून दोन प्रवाह आहेत. एक रायस्विट्झचा: खेळा, म्हणजे खऱ्या युद्धात जिंकाल. दुसरा इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याचा. १९१३ साली त्याने ‘लिटल वॉर्स’ नावाचे एक पुस्तक लिहिले. शिशाचे सैनिक आणि लहानशा तोफा घेऊन जमिनीवर लढाई कशी मांडायची याचे ते पुस्तक. आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतात, जवळजवळ तसाच हा थाट. फक्त मांडणारे चांगले मिशा फुटलेले गृहस्थ होते! शेवटी वेल्स म्हणतो ते असे की, हा खेळ तीन-चार वेळा खेळून पाहिलात तर खरे मोठे युद्ध किती ओबडधोबड आणि मूर्खपणाचे असले पाहिजे हे तुमच्या लक्षात येईल. युद्धाची हौस असलेल्यांनी ती अशा खोलीत भागवून घ्यावी. पुस्तक निघाल्यावर एक वर्षाने, १९१४ साली, महायुद्ध सुरू झाले. शिशाच्या सैनिकांवर ते भागले नाही.

म्हणून वेल्स हरला आणि रायस्विट्झ जिंकला असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा क्रॉफर्डच आहे. अटारी कंपनीचे दिवस फिरले आणि १९८४ साली त्याची नोकरी गेली. त्यानंतर त्याने ‘बॅलन्स ऑफ पॉवर’ हा खेळ लिहिला. तो १९८५ साली निघाला. त्या काळी अमेरिका आणि सोव्हिएत रशिया अण्वस्त्रे रोखून एकमेकांसमोर उभे होते. खेळात तुम्ही त्यांतल्या एकाचे प्रमुख. एक डाव म्हणजे एक वर्ष, आणि असे आठ डाव. कुठल्याशा लहान देशात तुम्ही शस्त्रे पाठवता, समोरचा हरकत घेतो. तुम्ही माघार घ्या, नाही तर त्याला दटावा. तुम्ही दटावता, तोही दटावतो. प्रत्येक पायरीला माघार घेणाऱ्याची अब्रू अधिक जाते, म्हणून दोघेही मागे हटायला कचरतात. आणि पायऱ्या संपल्या की अणुयुद्ध होते, खेळ तिथेच संपतो. स्फोट नाही, ज्वाळा नाहीत, आकाशात चढणारा धुराचा ढग नाही. अपयशाचे बक्षीस म्हणून देखावा मिळणार नाही, अशा अर्थाची कोरडी सूचना तेवढी पडद्यावर येते.

क्रॉफर्डने आपल्या आधीच्या खेळात यंत्राला खेळाडूच्या उसंतीत विचार करायला लावले. या खेळात त्याने तीच उसंत खेळाडूच्या पदरात टाकली. दर पायरीला यंत्र थांबते आणि विचारते, पुढे की मागे? कळ दाबायची घाई नसते. चहा घेऊन या, फेरी मारून या, रात्रभर झोपून सकाळी ठरवा. युद्धाच्या साऱ्या इतिहासात जी गोष्ट मिळाली नाही म्हणून पश्चात्ताप करणारी माणसे पानोपानी भेटतात, ती गोष्ट इथे फुकट वाटलेली असते. आणि असे असूनही खेळणारे अब्रूपायी एकेक पायरी चढत जातात आणि पडदा काळा करून घेतात. रशियातल्या मोहिमेपेक्षा मला हा धडा मोठा वाटतो. वेळ नव्हता म्हणून युद्धे होतात हे आपण ऐकत आलो. वेळ असूनही ती होऊ शकतात, हे एका आळीपाळीच्या खेळाने दाखवले.

म्हणून माझ्या वर्गातल्या मुलांना मी या जुन्या खेळांबद्दल सांगतो, तेव्हा त्यांतल्या रणगाड्यांविषयी कमी आणि त्यांतल्या थांबण्याविषयी अधिक बोलतो. मराठीत या थांबण्यासाठी नेमका शब्द नाही, पण मुलांच्या खेळात ज्याच्यावर डाव येतो त्याच्यासाठी एक फार सुंदर शब्दप्रयोग आहे. आपण म्हणतो, ‘त्याच्यावर राज्य आले.’ ज्याच्यावर राज्य येते त्याचा काही थाटमाट नसतो. बाकीचे लपून बसतात, हसतात, पळतात. आणि तो बिचारा डोळे मिटून आकडे मोजत उभा राहतो, कारण पूर्ण मोजून झाल्याशिवाय त्याला पाऊल उचलता येत नाही. राज्य ही मिरवायची वस्तू नसून आधी मोजायची, मग हलायची एक जबाबदारी आहे, हे ज्या कुणा पोराने ही भाषा प्रथम वापरली त्याला कळले होते की नाही, कोण जाणे. पण नकाशापुढे बसलेल्या मोठ्या माणसांना ते कळावे, असे मात्र फार वाटते. त्यांच्या बाबतीत लपून बसलेले असतात ते आपण सगळे.